आडनाव आणि धंदा

(एका गावी शेतकरी व कारागीर मंडळींपुढे शाळामास्तरांनी केलेले भाषण)



आपण सर्व मंडळी दिवसभराचे काम आटोपून येथे जमला आहात. कोणी औत सोडून आला आहे, कोणी भाता विझवून आला आहे. अशा थकल्याभागल्या माणसांपुढे पोथीतले जड शब्द बोलणे आम्हांस शोभणार नाही. म्हणून आम्ही विषय घेतला आहे तो तुमच्या घरातलाच. तो विषय म्हणजे तुमचे आडनाव.

आम्ही पडलो शाळामास्तर. जून महिना आला की पटावर नवी नावे चढतात. लोहार, कुंभार, शिंपी, माळी, पाटील, कुलकर्णी, वाघमारे, ढोले अशी आडनावे आम्ही वर्षानुवर्षे लिहीत आलो. ह्या आडनावांपायी पोरांस काय काय ऐकावे लागते तेही आम्ही पाहत आलो. कुंभाराच्या पोराने काही फोडले, तर "ह्यांच्या घरात मडकीच फुटायची" म्हणून हसे होते. लोहाराचा पोर गणितात चुकला, तर "ह्याच्या हाती घणच बरा" असा शेरा बसतो. आणि तोच पोर गणितात पहिला आला, तर लोक तोंडात बोट घालतात की, लोहाराच्या पोटी हे कसे निपजले! म्हणजे चुकला तरी आडनाव, जिंकला तरी आडनाव. तेव्हा हे आडनाव आले कोठून, आणि त्याचा माणसाच्या कर्तबगारीशी संबंध आहे तरी किती, ह्याचा एकदा छडा लावलाच पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की, पुष्कळ आडनावे म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या कामाची पावती होय. लोहार, सुतार, तांबट, कासार, जिनगर ही नावे उघडच आहेत. जो नाणी पारखी तो पोतदार. पाटलाच्या हाताखाली गावकी पाही तो चौगुला. दरबारची पत्रे लिही तो चिटणीस. लष्करात अधिकार चालवी तो सरनोबत. हा प्रकार केवळ आपल्याच देशात आहे असे मात्र समजू नका. इंग्लंडात लोहारास स्मिथ म्हणतात, आणि तेथे सर्वांत जास्त लोकांचे आडनाव हेच आहे. जर्मनीत त्याचाच श्मिट होतो, हंगेरीत कोवाच, रशियात कुझ्नेत्सोव, स्पेनमध्ये एरेरो. इटलीची फेरारी मोटार जगभर नावाजलेली आहे; त्या फेरारी आडनावाच्या मुळाशीही लोहारच आहे. ज्याच्यावाचून नांगर नाही, विळा नाही, घोड्याला नाल नाही, त्याचे नाव प्रत्येक देशाने जपून ठेवले. लोहार बंधूंनो, जगात तुमच्याएवढा मोठा भाऊबंद दुसऱ्या कोणाचा नसेल. तेव्हा ह्या आडनावाची लाज वाटण्याचे काही एक कारण नाही.

परंतु येथे एक गोष्ट ध्यानात धरा. आधी काम, मग नाव. माणूस आधी भात्यापुढे बसला, मग लोकांनी त्यास लोहार म्हटले. लोहार म्हटल्यामुळे कोणाच्या हातात घण उगवला नाही. आता कोणी म्हणेल की, "मास्तर, हे तर शेंबड्या पोरासही कळते." कळते खरे, पण वागताना आपण नेमके उलटे वागतो. आज्याच्या कामावरून पडलेले नाव नातवाच्या गळ्यात अडकवतो, आणि म्हणतो, बघा, नावातच लिहिले आहे!

ह्यावर काही शहाणे म्हणतात की नावात काहीतरी गुण असतोच, आणि पुरावा म्हणून मासले पुढे करतात. जमैकाचा धावपटू उसेन बोल्ट. बोल्ट म्हणजे विजेचा लोळ. ह्या गड्याने 2009 साली बर्लिनमध्ये शंभर मीटर अंतर 9.58 सेकंदांत तोडले. इंग्रज कवी वर्ड्स्वर्थ. त्याच्या नावातच शब्द आणि मोल आहे. इंग्लंडात ब्रेन नावाचे डॉक्टर होऊन गेले. ब्रेन म्हणजे मेंदू. ते मेंदूच्या रोगांचेच वैद्य, आणि 'ब्रेन' ह्याच नावाच्या वैद्यकीय मासिकाचे संपादकही झाले. तेथेच जज आडनावाचे गृहस्थ 2008 ते 2013 पर्यंत सरन्यायाधीश होते. 1994 साली 'न्यू सायंटिस्ट' ह्या इंग्रजी साप्ताहिकाला ध्रुवप्रदेशावरचे एक पुस्तक दिसले. लेखकाचे आडनाव स्नोमन, म्हणजे बर्फाचा माणूस! अशा जुळणाऱ्या नावांना त्यांनी 'नॉमिनेटिव्ह डिटर्मिनिझम' असे भारदस्त नाव दिले. आपल्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच की, नाव माणसाचे काम ठरवते.

मासले गमतीचे आहेत, हसावयास हरकत नाही. पण हसून झाल्यावर हिशेब करावा. जगात कोट्यवधी माणसे आणि लाखो आडनावे. त्यांत दहा-वीस ठिकाणी नाव आणि काम जुळले तर नवल कसले? जुळलेले आपण लक्षात ठेवतो आणि न जुळलेले विसरतो. आपल्या बायाबापड्यांनी तर हे केव्हाच ओळखले आहे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! ही म्हण ज्या माउलीच्या तोंडून प्रथम निघाली, तिला कोणत्याही विद्यापीठात जावे लागले नव्हते.

विद्वानांनीही हा हिशेब करून पाहिला आहे. 2002 साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी लिहिले की, तेथे डेनिस नावाचे दातांचे डॉक्टर प्रमाणाबाहेर आहेत, कारण डेनिस आणि डेंटिस्ट हे शब्द एकसारखे वाजतात. डेनिस नावाचे 482 डेंटिस्ट भरले, आणि जवळपास तितक्याच लोकांचे नाव असलेले वॉल्टर मात्र 257 च. झाले, नावाचा महिमा सिद्ध! पण 2011 साली उरी सिमन्सन नावाच्या संशोधकाने ते गणित पुन्हा तपासले. वॉल्टर हे जुन्या पिढीचे नाव. ते वॉल्टर म्हातारे होऊन कामावरून उतरले होते. डेनिस हे मागून आलेले नाव. ते ऐन उमेदीत होते. म्हणून डेनिस वकीलही जास्त भरले. वकील ह्या धंद्याचे इंग्रजी नाव काही डेनिससारखे वाजत नाही. तात्पर्य, फरक होता तो वयाचा आणि काळाचा. श्रेय मात्र नावाला मिळाले. आपल्याकडेही असेच चालते. फरक असतो शाळेचा, जमिनीचा, पैशाचा आणि ओळखीचा. खापर फुटते रक्तावर आणि आडनावावर.

आता आपण घरच्या माणसांकडे वळू. महात्मा जोतिराव फुले ह्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, आणि आडनाव गोऱ्हे. घराणे पुण्यास आले, पेशव्यांच्या दरबारी फुले पुरवण्याचे काम त्यांच्या वडीलधाऱ्यांकडे आले, आणि लोक त्यांस फुले म्हणू लागले. नाव कामाशी तंतोतंत जुळले. आता नावाचाच हुकूम चालता, तर जोतिरावांनी जन्मभर हार गुंफावयास हवे होते. आणि तसे व्हावयाची वेळ आलीही होती. लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी त्यांस शाळेतून काढले आणि मळ्यात कामास लावले. पोर हुशार आहे हे शेजारच्या दोघांनी हेरले. एक गफार बेग मुन्शी आणि दुसरे लिजिट साहेब. एक मुसलमान, दुसरा ख्रिस्ती. त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि 1841 साली जोतिराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. पुढे 1848 साली मुलींची शाळा, 1873 साली सत्यशोधक समाज, बांधकामाची कंत्राटे, शेतकऱ्यांच्या दैन्यावरची पुस्तके, हे सर्व त्या एका दाखल्यातून निघाले. त्या दोन शेजाऱ्यांनी पोराचे आडनाव पाहिले असते आणि पोराकडे पाहिले नसते, तर आज आपण कोठे असतो ह्याचा विचार करा.

जोतिरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे. त्यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि 1890 साली कामगारांस रविवारची सुटी मिळवून दिली. मालकांपुढे न वाकणारा हा गडी नावाप्रमाणेच लोखंडी होता असे कोणी म्हणेल. पण मग 1897 साली मुंबईत प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने त्यांचे प्राण गेले, ती करुणा कोणत्या लोखंडातली? आणि फुले नावाचा माणूस अंगावर शेण, दगड आणि बहिष्कार आला तरी तसूभर हलला नाही, तो कणखरपणा कोणत्या फुलातला? बंधूंनो, आडनावे अदलाबदल केली तरी चालले असते. ती माणसे आपल्या करणीने मोठी झाली.

तिसरे उदाहरण आम्हांस सर्वांत प्रिय आहे. अमरावतीकडच्या शेंडगावी 1876 साली एका परीट घरात डेबूजी झिंगराजी जाणोरकर जन्मास आले. आडनाव गावावरून पडलेले. ह्या माणसाने हाती खराटा घेतला, डोक्यावर फुटके गाडगे घेतले, ज्या गावी गेला ते गाव आधी झाडले आणि मग कीर्तन केले. लोकांनी त्यांस गाडगे महाराज म्हटले. आज जाणोरकर हे आडनाव सांगितले तर दहांतला एखादा ओळखेल. गाडगेबाबा म्हटले की म्हातारी कोतारीही हात जोडते. विद्यापीठास नाव दिले ते सुद्धा गाडग्याचेच. कमावलेले नाव ते हे! जन्माने मिळालेल्या नावापेक्षा ते दसपट मोठे.

आता परदेशातली एक गोष्ट सांगतो, कारण ती आमच्या म्हणण्याच्या उलट दिसते. तुर्कस्तानात 1934 साली कायदा झाला की प्रत्येकाने आडनाव घेतलेच पाहिजे. राष्ट्राध्यक्ष मुस्तफा केमाल ह्यांस अतातुर्क, म्हणजे तुर्कांचा पिता, हे आडनाव मिळाले. त्यांनी आपल्या सबिहा नावाच्या मानसकन्येस त्याच वर्षी गोक्चेन हे आडनाव दिले. त्यातल्या गोक शब्दाचा अर्थ आकाश. तेव्हा त्या मुलीचा विमानाशी काही संबंध नव्हता. पुढल्या वर्षी, 1935 साली, ती विमानविद्या शिकू लागली, आणि जगातल्या पहिल्या लढाऊ स्त्री वैमानिकांत तिची गणना झाली. येथे तर नाव आधी आणि काम मागून! मग नावाने हुकूम केला म्हणावयाचे काय?

नाही. त्या वर्षी तेथे विमानविद्येची शाळा उघडली होती, आणि त्या अनाथ मुलीस त्या शाळेत घेतले गेले. आकाश आडनावाची मुलगी चुलीपुढे बसवली असती, तर ती धुरापलीकडचे आकाश पाहू शकली नसती. नावाने पंख फुटत नाहीत. दार उघडले म्हणजे फुटतात. पुण्याच्या गफार बेग मुन्शींनी जे केले तेच तेथे झाले. पोरासाठी कोणीतरी दार उघडले.

आणि जेथे दार बंद होते तेथे काय होते तेही पाहा. 1953 साली मद्रास प्रांतात राजगोपालाचारी मुख्यमंत्री होते. त्यांनी खेड्यातल्या प्राथमिक शाळांसाठी अशी योजना काढली की, मुलांनी दिवसाचे तीन तास शाळेत यावे आणि उरलेल्या वेळात बापाचा धंदा शिकावा. शाळा कमी, मुले जास्त, म्हणून दोन पाळ्या करू, असे कारण दिले होते. पण तेथल्या ब्राह्मणेतर जनतेने तिचे बरोबर नाव ठेवले, कुलशिक्षण! वकिलाचा पोर घरी वकिली ऐकणार आणि चांभाराचा पोर घरी कातडे कमावणार, मग दोघांची शाळा एक कशी? एवढा गदारोळ उठला की 1954 साली राजगोपालाचारींना पद सोडावे लागले, आणि त्यांच्यामागून आलेल्या कामराजांनी ती योजना मोडीत काढली. हे कामराज स्वतः लहानपणीच शाळा सुटलेले. म्हणून शाळेचे मोल त्यांस ठाऊक होते.

हा प्रश्न जुना झाला असे समजू नका. 2023 साली केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना आणली. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी अशा 18 धंद्यांतल्या कारागिरांस अवजारांसाठी 15 हजार रुपये आणि दोन हप्त्यांत 3 लाखांपर्यंत कर्ज, असा तिचा घाट. अवजार आणि भांडवल ह्यांवाचून कारागीर कसा गांजतो हे आम्ही रोज पाहतो, म्हणून जो हक्काचा आहे त्याने तो पैसा जरूर घ्यावा. पण तमिळनाडू सरकारने 2024 साली एक सवाल केला तो विचार करण्याजोगा आहे. अर्जदाराच्या घरात तोच धंदा पिढीजात असावा ही अट कशाला? आणि अठरा वर्षांच्या पोरापुढे हे ठेवले तर तो कॉलेज सोडून बसणार नाही काय? म्हणून वयाची अट 35 करा, असे त्यांनी मागितले. आम्ही म्हणतो, ज्याचे हात कसबी आहेत त्याला मदत द्या, मग त्याचे आडनाव लोहार असो की जोशी असो. घण मारावयास शिकवता येते. ते काही कोणाच्या रक्तातून येत नाही.

ब्रिटनकडे पुन्हा एकदा पाहा. तेथेही लोहारावरूनच स्मिथ झाले. पण अडम स्मिथ हा 1776 साली अर्थशास्त्रावरचा जगप्रसिद्ध ग्रंथ लिहिता झाला, त्यास कोणी भात्यावर बसवले नाही. थॅचर म्हणजे छपरे शाकारणारा. त्या आडनावाच्या बाई 1979 पासून 1990 पर्यंत पंतप्रधान होत्या, त्यांस कोणी गवताची पेंढी आणून दिली नाही. तेथे नाव मागे राहिले आणि माणूस पुढे गेला. आपल्याकडे नावाबरोबर वतन आले, बलुते आले, जात आली, आणि माणूस त्या खुंट्यास बांधला गेला. तो खुंटा उपटण्यास किती वर्षे लागली ते पाहा. शाहू महाराजांनी 1918 साली करवीर संस्थानात कुलकर्णी वतन बंद करून तलाठी नेमले. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल आणले. 1950 साली कुलकर्णी आणि परगणा वतने, 1958 साली कनिष्ठ गावकामगारांची वतने, आणि 1962 साली पाटीलकीची वतने कायद्याने गेली. वतने गेली, आडनावे मात्र राहिली. राहोत बापडी! पाटील नावाच्या माणसाने एसटी हाकावी, लोहार नावाच्या मुलीने दवाखान्यात सुई टोचावी, कुलकर्णी नावाच्या पोराने वेल्डिंग करावे. हिंदुस्थानच्या संघात इंजिनियर आडनावाचा पारशी यष्टिरक्षण करी आणि कॉन्ट्रॅक्टर आडनावाचा पारशी कर्णधार होता. त्यात कोणाचे काय बिघडले?

मायबहिणींनो, आता तुमच्याविषयी दोन शब्द. आमच्या पटावर लोहार आहेत, सुतार आहेत. पण दळणारी, निंदणी करणारी, शेण थापणारी, लावणी करणारी ह्यांच्या कामावरून पडलेले आडनाव आम्ही आजवर लिहिलेले नाही. गावाचे निम्मे काम तुम्ही केले आणि त्याची पावती कोणी फाडली नाही. ज्या सावित्रीबाईंनी मुलींस शिकवले त्यांस आपण फुले ह्या सासरच्या नावाने ओळखतो. माहेरचे नेवसे हे नाव किती जणांस माहीत आहे? आता एक चांगले झाले. महाराष्ट्र सरकारच्या निर्णयाप्रमाणे 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग बापाचे आणि मग आडनाव लिहावयाचे. हे सरकारी कागदापुरते ठेवू नका. मुलीचे नाव शाळेत घालताना आईने स्वतः यावे, आणि आपले नाव आपल्या डोळ्यांनी लिहिलेले पाहावे.

शेवटी तुमच्याकडे आमचे दोन मागणे आहेत. पहिले असे की, आपल्या पोरास आपल्या आडनावाची गोष्ट जरूर सांगा. आजा कोणते अवजार वापरी, त्याचे कसब काय होते, बलुते किती मिळे, आणि न मिळाले तर घरी काय होई, सगळे सांगा. ती गोष्ट तुमच्यावाचून कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. आणि दुसरे असे की, ती गोष्ट सांगून झाल्यावर "म्हणून तूही हेच कर" हे वाक्य जोडू नका. पोरास घण आवडला तर तो कारखान्याची विद्या शिकून घण धरील. वही आवडली तर वही धरील. त्यास विचारा. दहावीच्या आत पोर शाळेतून काढू नका, पोरीस तर मुळीच नाही. आणि शेजारचा कोणी काढीत असेल, तर गफार बेग मुन्शींप्रमाणे त्याच्या ओट्यावर जाऊन बसा आणि त्याची समजूत घाला. एवढे केलेत, म्हणजे तुमच्या पोरांच्या कर्तबगारीने उद्या ह्याच आडनावांस नवे अर्थ येतील.